नावांची जागा

“म्याडम, तुमी आधी एका जागी बसा बघू. तुमच्याकडं बघूनच माझं डोकं गरगरायला लागलंय,” बाळासो खोत म्हणाले.

मी त्यांच्या डोक्यावर नुकतीच तारांची जाळीदार टोपी चढवली होती आणि तिच्या भोकाभोकांतून चिकट जेल भरत त्यांच्या खुर्चीभोवती घिरट्या घालत होते. टोपी काही केल्या नीट बसत नव्हती. खोत जुने पैलवान. कुस्त्या खेळून त्यांचे दोन्ही कान मोडून भज्यांसारखे झाले होते, आणि टोपी बनवणाऱ्या परदेशी माणसाने असल्या कानांचा विचार केलेला नव्हता.

“मला बसवत नाही, अण्णा. लहानपणापासून पायाला भिंगरी आहे.”

“आणि आमाला सांगणार, स्वस्थ बसा म्हणून? ऐकलंस का गं शालन?”

दाराशी उभ्या असलेल्या शालनवहिनींनी, खोतांच्या बायकोने, पदर तोंडाला लावला. हसू मलाही आलं. खोटं काय होतं त्यात? माणूस काहीच करत नसताना त्याचा मेंदू काय करतो, हे शोधायचं काम दिलं होतं कोणाला, तर जिला बँकेच्या रांगेतही धड उभं राहता येत नाही त्या शलाका नाईकनवरेला.

ही गोष्ट मिरजेतली. आता बरीच वर्षं झाली. पुण्याच्या आमच्या संस्थेने मला तिथल्या एका हॉस्पिटलात धाडलं होतं. काम असं, की माणूस निवांत पडलेला असला तरी त्याच्या मेंदूतले लांबलांबचे भाग एका तालात वरखाली होत असतात. जे कामाला एकत्र असतात ते आरामालाही एकत्रच असतात. त्यामुळे माणसाला काही न करायला लावून, आत कोणाचं कोणाशी साटंलोटं आहे ते काढता येतं. ते काढायच्या दोन रीती मी ताडून बघत होते. एक एमआरआय. तो रक्त बघतो, कुठे जास्त गेलं आणि कुठे कमी. दुसरी ही टोपी. ती कवटीवरून मेंदूतली वीज ऐकते. एमआरआयला जागा नेमकी कळते, पण रक्त आपलं सावकाश चालतं. टोपीला क्षणन् क्षण कळतो, पण शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसा. भांडण चाललंय ते कळतं, कुठल्या खोलीत ते सांगणं अवघड.

तोवर मी धडधाकट पोरांवर हे प्रयोग करत होते. दोन नकाशे जुळले तर ठीक, नाही जुळले तर अधिकच ठीक, कारण त्यावर लिहायला काहीतरी मिळायचं. मग तिथले मेंदूचे सर्जन डॉक्टर मुजावर यांनी खोतांना माझ्याकडे पाठवलं आणि सगळ्याचा रंगच बदलला.

खोत कुस्तीच्या मैदानांचे निवेदक होते. कृष्णाकाठच्या जत्रांतून त्यांच्या आवाजाशिवाय मोठी कुस्ती लागत नसे. पण डोक्यात डाव्या कानाच्या वर सुपारीएवढी एक जागा बिघडली होती आणि तिथून फीट उठायची. आधी बोलता बोलता एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा, मग डोळे फिरायचे आणि माणूस जमिनीवर. एका मोठ्या मैदानात ते हजारो लोकांसमोर स्टेजवरून खाली कोसळले. तेव्हापासून बोलावणी बंद झाली. गोळ्या सगळ्या खाऊन झाल्या, उपयोग शून्य. आता ती सुपारी कापून काढायची एवढाच मार्ग होता. पण बोलण्याची यंत्रणा नेमकी तिच्या आसपास असते. बोलायला लावून नकाशा काढावा तर बोलता बोलताच फीट यायची, जागं ठेवून ऑपरेशन करायचं तरी तीच भीती. म्हणून मुजावर म्हणाले, “तुमच्या त्या आरामाच्या पद्धतीनं बघा. ती जागा बोलण्यात गुंतलेली नसेल, तरच मी सुरी हातात घेईन.”

मी टोपी बसवता बसवता खोतांना म्हटलं, “अण्णा, घाबरू नका. तुमचं बोलणं जपायचं म्हणूनच चाललंय हे सगळं.”

“बोलण्याचं काय घिऊन बसलाय? बोलतंय की कोणबी,” ते म्हणाले. “मैदानात माणसं नावं ऐकाया येत्यात. लंगोट लावून पोरगं आत आलं की मी त्याच्या आज्यापासनं सुरू करतो. बाप कोण, गाव कंचं, तालीम कंची, वस्ताद कोण. बाप तिकडं लांब बसलेला असतोय. पोराच्या संगट सोताचं नाव ऐकलं की फेट्याच्या शेमल्यानं डोळं पुसतोय. त्येच्यासाठी हाय सगळं. नावं तेवढी ऱ्हाऊ द्या म्याडम. बाकी काय काढायचं ते खुशाल काढा.”

टोपीची तपासणी सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी एमआरआय. ते यंत्र पाटोळे नावाचे तंत्रज्ञ चालवायचे. गडी हसतमुख, पेशंटशी गप्पा मारत काम करणारा. मी पलीकडच्या खोलीत टोपीचा हिशेब लावत होते. मधूनच पाटोळ्यांचा माइकवरचा आवाज कानावर यायचा. “हलायचं न्हाई अण्णा. बोलायचं न्हाई. डोळं मिटा, आणि जरा दम धरा.”

मग मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले.

टोपीच्या हिशेबाने ती सुपारी एकटी पडलेली होती, बोलण्याच्या भागांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. आणि एमआरआयच्या हिशेबाने ती बोलण्यात गळ्यापर्यंत गुंतलेली होती. नुसती बोलण्यात नव्हे, सगळ्यात. जिकडे बघावं तिकडे धागेच धागे. थोडाफार फरक मी नेहमी बघत होते, पण इतका उघड उघड उलटा निकाल कधी आला नव्हता. एक म्हणत होतं कापा, दुसरं म्हणत होतं हात लावू नका.

मी पुण्याला संस्थेतल्या आमच्या सरांना फोन केला. ते आनंदाने ओरडलेच.

“अरे वा! हाच तर पेपर आहे. दोन पद्धती, एकच माणूस, आणि निकाल विरुद्ध!”

“सर, त्या माणसाचं ऑपरेशन व्हायचंय.”

“ते डॉक्टर बघतील. तू आकडे सांभाळ.”

फोन ठेवला आणि रस्त्यावर आले. काय करावं ते सुचेना. लक्ष्मी मार्केटला वळसा घातला, स्टेशनपर्यंत गेले, परत आले, चहा मागवला आणि न पिताच उठले. पुन्हा पुन्हा तेच आकडे तपासत होते आणि पुन्हा पुन्हा तीच उत्तरं येत होती. कोणाचं खरं? मला वाटत होतं टोपीचं खरं असावं. पण ते पटत होतं म्हणून वाटत होतं की हवं होतं म्हणून, हे माझं मलाच सांगता येईना. खोतांना पुन्हा स्टेजवर उभं राहिलेलं बघायची मला घाई झाली होती. घाई हा माझा जन्माचा रोग.

मुजावरांना असली घाई नव्हती. त्यांनी दोन्ही नकाशे बघितले, चष्मा काढला आणि खोत नवरा-बायकोला आत बोलावलं. पाटोळेही तिथेच होते, मी खिडकीशी उभी.

“खोत, मी स्पष्टच सांगतो,” मुजावर म्हणाले. “एका तपासणीत धोका दिसतोय, दुसरीत नाही. अशा वेळी मी धोका दिसतो त्या तपासणीचं ऐकतो. हे ऑपरेशन मी करणार नाही.”

खोतांचा चेहरा उतरला. मांडीवरचे दोन्ही पंजे त्यांनी एकमेकांत अडकवले. “म्हंजे मी नापास,” ते म्हणाले.

“तुम्ही कसले नापास? तपासणी आहे ती.”

“न्हाई साहेब, माझंच चुकलं. त्या बोगद्यात मला नीट जमलंच न्हाई. एकदा परत घाला आत. ह्या खेपेला सुटू देत न्हाई.”

“काय सुटू देत नाही?” मी विचारलं.

“दम.”

कोणालाच काही कळलं नाही. खोतांनी पाटोळ्यांकडे बोट केलं. “ह्येनी सांगितलं की, दम धरा. धरला. पर ‘सोडा’ म्हणायचं काय नावच न्हाई. छातीचा फोटो काढत्यात तवा कसं, दम घ्या, धरा, सोडा, असं सांगत्यात. हितं नुसतं धरा. मी बी तालमीतला गडी, धरला छातीभर. अगदीच न्हाई सोसलं की चोरून घ्यायचा, परत धरायचा. शेवटपातूर तेच.”

“व्हय म्याडम,” शालनवहिनी म्हणाल्या. “भाईर आले तवा धापा टाकत हुते. मला वाटलं, भ्याले असतील.”

पाटोळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो अण्णा! दम धरा म्हणजे... दम धरा हो! थोडी कळ काढा, असं म्हणत होतो मी!”

मुजावर इतके हसले की त्यांना खोकला आला. खोत मात्र बावचळून सगळ्यांकडे बघत होते. मी तोवर त्यांच्यासमोर जमिनीवरच फतकल मारून बसले होते.

“अण्णा, श्वास कोंडला की शरीर मेंदूकडे जास्त रक्त सोडतं. सगळीकडे, सारखंच. श्वास घेतला की ते ओसरतं. तेही सगळीकडे सारखंच. यंत्राला वाटलं, आतले सगळे भाग एकमेकांना सामील आहेत. त्याला तुमचा मेंदू दिसलाच नाही. तुमची छाती दिसली.”

“मग माझा दम बरा हाय म्हणायचं,” खोत म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं.

त्यांना पुन्हा आत घातलं. या वेळी माइक मी घेतला आणि सांगितलं, “अण्णा, श्वास घ्या. रोजच्यासारखा. घेत राहा.” आतून आवाज आला, “घिऊ न्हवं? नक्की?”

नवा नकाशा पडद्यावर आला तेव्हा मी उभीच होते, खुर्चीत बसवतच नव्हतं. आधीचं धाग्यांचं जंजाळ नाहीसं झालं होतं. सुपारी बोलण्याच्या मुख्य भागांपासून सुटी दिसत होती. मी टाळीच वाजवली. मग मला तो धागा दिसला. एकच, बारीक, सुपारीपासून पुढे गेलेला. मी टोपीचे आकडे पुन्हा काढले, आणि आता कुठे बघायचं ते कळल्यावर तिथेही तो सापडला, अगदी फिका, पण त्याच जागी. तो धागा जिथे जात होता तिथे मेंदू ओळखीच्या माणसांची नावं साठवतो.

माझ्या दोन पद्धतींचं एकमत झालं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ते नको होतं.

मुजावरांनी काही लपवलं नाही. “बोलणं राहील. समजणं राहील. फीट बहुतेक थांबतील. माणसांची नावं मात्र जातील. किती जातील ते मला सांगता येत नाही. काही परत येतील, काही नाही येणार. आता मी ऑपरेशन करायला तयार आहे. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

खोत ताडकन उठले. “मग आधीचंच बरं हुतं की! तवा तुमी न्हाई म्हणत हुता, माझ्या डोक्याला ताप नव्हता. कशाला शोधलं म्याडम तुमी?”

मी नकाशाचा कागद उलटा करून ठेवला.

“बसा खाली,” शालनवहिनी म्हणाल्या. इतका वेळ न बोललेली बाई अशी बोलली की खोत खरंच बसले. “मागल्या महिन्यात ह्ये विहिरीच्या कडंला पडले, डॉक्टर. अर्धा हात इकडं म्हणून वाचले. तवापासनं शेताकडं गेले की माझा जीव टांगणीला. मोटरीचा आवाज थांबला की मी पळत सुटते. नावांचं कवतिक मला बी हाय. पर ती घ्यायला माणूस नगो का?”

“आणि नावंच न्हाईत तर माणूस काय कामाचा?” खोत म्हणाले.

“माझ्या कामाचा,” त्या म्हणाल्या.

खोतांनी एकदा बायकोकडे बघितलं आणि मुजावरांना म्हणाले, “दिवाळीपातूर सवड द्या. एक काम उरकायचं हाय.”

काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ती सवड असह्य झाली. विहीर डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी दर दोन दिवसांनी फोन करायचे, शालनवहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, “बरं हायेत. कामात हायेत.” मागे खोतांचा आवाज अखंड चालू असायचा. फीट यायची भीती असताना हा माणूस कोणाशी एवढा बोलतोय, मला समजत नव्हतं. एकदा मी रागावलेसुद्धा. वहिनी नुसत्या हसल्या आणि फोन ठेवून दिला.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. शुद्धीवर आलेल्या, डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या खोतांना मुजावरांनी पेन दाखवलं. “पेन.” चमचा दाखवला. “चमचा. आणि त्यात काय असलं तर द्या, भूक लागलीया.” गाव सांगितलं, वार सांगितला, मिरजेहून गावाला कुठली एसटी जाते तेही सांगितलं. मी पलंगाभोवती नाचायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

मुजावरांनी शालनवहिनींकडे हात केला. “आणि ह्या कोण?”

खोतांनी त्यांच्याकडे पाहिलं. “ही व्हय? ही आमची मालकीण!”

नर्स हसल्या, पाटोळे हसले, मुजावरही हसत हसत बाहेर पडले. वहिनी हसल्या नाहीत, उठून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

“लगीन झाल्यापासनं ह्येनी मला कधी मालकीण म्हटलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “नावानं हाक मारत्यात. सासूबाईंना रुचायचं न्हाई, तरी बी नावानंच. म्याडम, माझं नाव गेलं.”

आम्ही दोघी तिथे उभ्या राहून रडलो. मग त्यांनी तोंड धुतलं आणि आत जाऊन नवऱ्याला पेज भरवली.

माझं मिरजेतलं काम संपलं. सरांना हवा होता तसा पेपर झाला नाही, बारीकसा झाला. मी पुण्याला परतले. पण जीव तिकडेच अडकलेला. पुढच्या साली जत्रांच्या दिवसांत वहिनींचा फोन आला, “फीट काय परत आली न्हाई. रविवारी या. मैदान हाय,” एवढंच. मी कारण सांगून रजा घेतली आणि निघाले.

कृष्णाकाठचं गाव. माणसांनी टेकडी भरलेली, मधोमध तांबड्या मातीचा आखाडा, हलगी कडाडत होती. असल्या मैदानात बायका नसतात. मी मेडिकलवाली पाव्हणी म्हणून मला स्टेजच्या कडेला खुर्ची मिळाली होती. आणि स्टेजवर माइकशी खोत उभे होते, डोक्याला तांबडा फेटा. त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटून, डोक्यावरून पदर घेतलेल्या शालनवहिनी.

एक पोरगा मातीत उतरला. खोतांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. मी खुर्चीतून उठले. वहिनी हातातल्या यादीत पोराचं नुसतं नाव बघून पुढे झुकल्या, त्यांच्या कानाशी पुटपुटल्या आणि पुढच्याच क्षणी तो आवाज टेकडीभर घुमला. पोराचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, तालीम, वस्ताद. शेवटपर्यंत. टेकडीच्या वरच्या कडेला एक म्हातारा उठून उभा राहिला.

मग दुसरा पोरगा. तिसरा. वहिनी एकदाही अडल्या नाहीत. मला तेव्हा कळलं, दिवाळीपर्यंत खोत कोणाशी बोलत होते ते. रोज सकाळपासून गोठ्यात, चुलीपाशी, शेताच्या बांधावर, डोक्यातली एकूण एक नावं त्यांनी बायकोच्या हवाली केली होती.

खाली कोणीतरी कुजबुजलं, बाईमाणूस कशाला वर? त्याला दुसऱ्याने गप्प केलं.

शेवटची कुस्ती झाली. आभाराची वेळ आली. सरपंचांचं नाव झालं, पंचांची झाली, हलगीवाल्याचं झालं. प्रत्येक नाव पाठीमागून येत होतं आणि पुढून मोठं होऊन जात होतं.

“आणि आता,” खोत म्हणाले, “आज ज्या पैलवानाच्या जिवावर मी हितं हुभा हाय, त्यो पैलवान.”

ते थांबले. पाठीमागून काही येईना. त्यांनी मान वळवली. वहिनींनी खाली बघितलं. सगळं मैदान वाट बघत होतं.

“सांग की गं,” खोत म्हणाले. माइक चालूच होता, सगळ्यांनी ते ऐकलं. “मला येत न्हाई. तुलाच सांगाया पाहिजे.”

त्यांनी माइक बायकोपुढे धरला. वहिनींनी पदर सावरला. जन्मभर नवऱ्याला ‘ह्ये’ म्हणत आलेली ती बाई एवढ्या गर्दीसमोर एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, “शालन बाळासो खोत.”

खोतांनी माइक परत घेतला. पहिल्यांदाच ऐकलेलं नाव घ्यावं तसं त्यांनी ते एकदा हळू म्हणून बघितलं. मग छातीभर हवा घेतली आणि ते टेकडीच्या टोकापर्यंत पाठवलं.